गुलामांची जोडी

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं कराडजवळच्या आमच्या गावच्या घरी जमायचो. दुपारी बाहेर रणरणतं ऊन, अंगणात जायला बंदी. मग माजघरात सतरंजी अंथरून मेंढीकोट. ज्यांना हा खेळ माहीत नाही (असे कोणी असतील तर मला त्यांच्या बालपणाची कीव येते :-) ) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार भिडू, समोरासमोरचे दोघे जोडीदार, आणि सगळी मारामारी चार दश्श्यांसाठी. दश्शी म्हणजे मेंढी. ज्यांनी जास्त मेंढ्या घरी आणल्या ते जिंकले. गंमत अशी, की ज्या पानासाठी एवढा आटापिटा, ते पान स्वतः काही फार ताकदवान नाही. गुलाम, राणी, राजा, एक्का, कोणीही त्याला खाऊ शकतं. वर हुकमाची दुर्रीसुद्धा!

माझ्या हातात दश्शी आली की माझा चेहरा उजळायचा आणि समोर बसलेल्या आजीला ते बरोबर दिसायचं. ती म्हणायची, "मेंढी हातात आली म्हणून नाचू नकोस रे. लवकर टाकलीस तर राजा खाईल, उशीर केलास तर हुकूम खाईल." मग टाकायची कधी? यावर तिचं उत्तर ठरलेलं. "पानं बघून ठरवायचं."

हे वाक्य मी पुढे पंचवीसेक वर्षं विसरलो होतो. आठवलं ते गोव्यात, मांडवीच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका कॅसिनो बोटीवर. समोर गुलामांची जोडी होती आणि मी ती हरलो होतो.

तर आजचा विषय तो. पोकरच्या टूर्नामेंटमध्ये हातात चांगली पण नाजूक पानं आली, तर काय करायचं?

ज्यांनी पोकर खेळलेलं नाही त्यांच्यासाठी अगदी दोन ओळी. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्याची. मग टेबलावर पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. आधी तीन एकदम (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). प्रत्येक टप्प्यावर चिप्स लावायच्या, नाहीतर पानं टाकायची. तीन पत्तीत आपण ज्याला 'पॅक' म्हणतो त्याला इथे 'फोल्ड' म्हणतात. शेवटी सातांतल्या उत्तम पाच पानांवर निकाल. बस्स, एवढंच.

आता एक्क्यांची जोडी आली तर काय करायचं हे शाळकरी पोरगाही सांगेल. दुर्री-सत्ती आली तरी सांगेल. प्रश्न येतो मधल्यांचा. दश्श्यांची जोडी, गुलामांची जोडी, एक्का-राणी. पानं बघून हात शिवशिवतात, पण ती कधी दगा देतील याचा नेम नाही. या सगळ्यांत बदनाम म्हणजे गुलामांची जोडी. पोकरवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे: गुलामांची जोडी खेळायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही चुकीच्या!

विनोद सोडा, आकडे बघू. (इंजिनियर माणूस, सवय जात नाही.) हातात गुलामांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात असं धरलं, तर सात-आठ तासांत एकदा. म्हणजे दिवसभर वाट बघून मिळणारी गोष्ट. समोर एकच भिडू असेल आणि त्याच्याकडे कुठलीही पानं असतील, तर शेवटपर्यंत गेल्यास आपण शंभरात सुमारे ७७ वेळा जिंकतो. झकास! पण समोर तीन भिडू असले तर आकडा ४९ च्या आसपास येतो आणि चार असले तर ४०. पानं तीच, फक्त गर्दी वाढली. आणि फ्लॉपच्या तीन पानांत निदान एक राणी, राजा किंवा एक्का पडण्याची शक्यता ५७ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा पहिली तीन पानं उघडल्या उघडल्या आपल्या पोटात गोळा येणार.

थोडक्यात काय, तर 'माझी पानं चांगली आहेत' हे वाक्य आत्तापुरतं खरं असतं. पाच पानं उघडायची आहेत अजून.

पहिली गोवा ट्रिप २०२३ च्या नोव्हेंबरमधली. आम्ही ऑफिसमधले चौघं पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो. लॉकडाऊनच्या काळात सगळ्यांनाच पोकरचा नाद लागला होता. आधी नुसत्या खोट्या चिप्सवर, मग ॲपवर छोट्या रकमा लावून. पण खऱ्या टेबलावर, खऱ्या डीलरसमोर बसायची ती पहिलीच वेळ. जेट्टीवरून लहान बोटीने मोठ्या बोटीवर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा. मला आधी बोट लागते की काय याचीच भीती. (बोट हलत नाही. नदीत नुसती उभी असते. हा शोध मला गेल्यावर लागला.)

तिसऱ्या लेव्हललाच गुलाम आले. एक बदामाचा, एक किलवरचा. ब्लाइंड १००-२००, माझ्याकडे वीस हजारांच्या आसपास चिप्स. मी म्हटलं, आता सापळा लावू. रेझ केलं तर सगळे पळतील. गुपचूप २०० टाकून बसलो. माझ्यामागून बटणावरचा भिडू आला, मग दोन्ही ब्लाइंडवाले आले. चौघांचे मिळून ८०० झाले आणि फ्लॉप पडला: इस्पिकची नव्वी, इस्पिकची पंजी, बदामाची दुर्री.

एकही मोठं पान नाही! मनातल्या मनात मी नाचलो. आजी समोर असती तर तिला दिसलं असतं. ब्लाइंडवाले गप्प बसले. 'यांना पळवून लावायचं नाही' म्हणून मी फक्त २०० लावले. बाकी दोघांनी टाकली, स्मॉल ब्लाइंडवाल्या चष्मिस पोराने २०० भरले. टर्नला इस्पिकची राणी. आता त्याने स्वतःहून १,००० लावले. मी भरले. रिव्हरला चौकटची तिर्री, माझ्या दृष्टीने निरुपद्रवी. त्याने २,५०० लावले. मी दोन मिनिटं विचार केल्याचं नाटक केलं आणि भरले. त्याने पानं उलटली. इस्पिकची छक्की आणि इस्पिकची दश्शी. फ्लश.

इस्पिकची दश्शी! मेंढी माझ्या नाकासमोरून गेली आणि मला आजी आठवली. उशीर केलास तर हुकूम खाईल.

पुढचा तासभर मी रागाने खेळलो आणि बाहेर पडलो. मित्रांना सांगत सुटलो, 'काय नशीब यार, दश्शी-छक्कीवर खेळतात लोक!' पण रात्री बसमध्ये झोप येईना, तेव्हा हिशेब मांडला. नशीब कसलं? फ्लॉपनंतर त्याला फ्लश पुरा करायला नऊ इस्पिकं शिल्लक होती आणि न दिसलेली पानं ४७. म्हणजे पुढच्या पानाला लागण्याची शक्यता १९ टक्के, साधारण पाचांत एक. मी त्याला काय भाव दिला? २०० भर आणि १,००० मिळव. पाचपट! म्हणजे मी त्याला त्याचा माल डिस्काउंटमध्ये विकला होता. तेच मी ५०० लावले असते, तर १,३०० साठी त्याला ५०० भरावे लागले असते. तो सौदा जमायला निदान २८ टक्के शक्यता हवी. तरी तो आला असता तर येऊ दे की, चूक त्याची झाली असती. आणि मुळात आधीच ६००-७०० चा रेझ केला असता, तर छक्की-दश्शी बहुतेक तिथेच पॅक झाली असती.

यालाच पानं 'राखणं' म्हणतात. नाजूक पानं लपवायची नसतात, त्यांच्याभोवती कुंपण घालायचं असतं. ज्याला आत यायचंय त्याने तिकीट काढून यावं. एक्क्यांच्या जोडीला थोडी गर्दी परवडते, गुलामांना परवडत नाही.

एवढं कळल्यावर माणूस काय करतो? दुसऱ्या टोकाला जातो. पुढचे काही महिने घरच्या गेममध्ये मला गुलाम आले की मी थेट ऑल-इन. घ्या! राखली पानं! आमच्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "तू ऑल-इन केल्यावर तुला कॉल कोण करतं ते लिहून ठेव." मी खरंच लिहायला लागलो. कॉल करायचे ते राणी, राजा, एक्क्यांच्या जोडीवाले, नाहीतर एक्का-राजावाले. पहिल्या तिघांविरुद्ध गुलामांना शंभरात जेमतेम १९ संधी. एक्का-राजाविरुद्ध ५४ ते ५७, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडं बरं. ज्यांना मी सहज हरवलं असतं ते सगळे टाकून मोकळे व्हायचे. कुंपण एवढं उंच, की आत फक्त वाघच उडी मारून यायचा. लवकर टाकलीस तर राजा खाईल. आजीचा अर्धा भाग हा.

इथपर्यंतचं सगळं साध्या पैशांच्या टेबलालाही लागू आहे. टूर्नामेंटमध्ये आणखी एक भानगड असते आणि ती समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. टूर्नामेंटमधल्या चिप्स म्हणजे पैसे नव्हेत.

एक उदाहरण घेऊ. चार भिडू उरलेत, चौघांकडे सारख्या चिप्स. बक्षिसं तीनच: ५० हजार, ३० हजार, २० हजार. चौथ्याला भोपळा. आत्ता प्रत्येकाचा वाटा सरासरी २५ हजारांचा. आता तुम्ही एकाशी ऑल-इन भिडलात आणि जिंकलात. चिप्स दुप्पट झाल्या. वाटा दुप्पट झाला का? नाही. उरले तिघं, तुमच्याकडे निम्म्या चिप्स. पहिलं येण्याची शक्यता अर्धी, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश. गुणाकार-बेरीज करा, ३८,३३३ रुपये येतात. म्हणजे हरलात तर २५ हजार गेले, जिंकलात तर १३ हजारच वाढले. हा सौदा परवडायला तुम्ही शंभरात ६५ वेळा जिंकायला हवं! एक्का-राजाविरुद्ध ५७ टक्क्यांवर असलेले आपले गुलाम इथे तोट्याचे. चिप्सच्या हिशेबात फायदा, पैशांच्या हिशेबात घाटा.

या पद्धतीला आयसीएम म्हणतात. मागचं सूत्र मुळात पोकरचं नाहीच. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी ते मांडलं, दुसरा-तिसरा नंबर कोणाचा येईल याचा अंदाज बांधायला. पोकरवाल्यांनी पुढे ते उचललं. मी एका रविवारी एक्सेलमध्ये हे सगळं बसवलं आणि सेलमध्ये ६५.२ टक्के उमटले, तेव्हा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, की चांगली पानं टाकणं हा भित्रेपणा आहे. ते कधीकधी नुसतं गणित असतं.

कधीकधी. कारण उलटी उदाहरणंही आहेत आणि ती फार प्रसिद्ध आहेत. २००३ ची वर्ल्ड सिरीज, लास वेगासमधलं बिनियन्स हॉर्सशू. ८३९ भिडूंतून शेवटी दोघं उरले: सॅम फरहा हा मुरलेला व्यावसायिक आणि ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा अकाउंटंट. (आडनाव खरंच मनीमेकर आहे, मी बनवलेलं नाही.) एका डावात फरहाकडे नव्व्यांची जोडी लागली होती, टेबलावरच्या पानांत नव्वीहून मोठं काही नव्हतं. मनीमेकरकडे काहीही लागलेलं नव्हतं, फ्लशही हुकला होता आणि स्ट्रेटही. रिव्हरला त्याने ऑल-इन केलं. फरहाने बराच विचार करून नव्व्या टाकल्या. चूक! थोड्याच वेळाने शेवटचा डाव. फरहाकडे गुलाम-दश्शी, फ्लॉपला गुलाम, पंजी, चौकी. परत टेबलावरची सगळ्यात मोठी जोडी त्याच्याकडे. या वेळी त्याने टाकली नाही, सगळ्या चिप्स आत ढकलल्या. मनीमेकरकडे होती पंजी-चौकी. रिव्हरला आणखी एक पंजी पडून त्याचं फुल हाउस झालं आणि २५ लाख डॉलर तो घेऊन गेला.

हे दोन डाव मी कितीतरी वेळा पाहिलेत. एकाच माणसाने, एकाच रात्री, एकाच प्रकारची चांगली-पण-नाजूक पानं एकदा टाकून चूक केली आणि एकदा न टाकून मार खाल्ला. फरहा काही नवशिक्या नव्हता. मग आपण कुठल्या झाडाचा पाला!

आता जरा घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडचा मेंढीकोट १९९७ मध्ये बंद झाला. मी तिसरी-चौथीत असेन. बाबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तालुक्याच्या गावी रमी खेळायला जायचे. त्या वर्षी नदीकडची दीड एकर जमीन विकली गेली. वर जी उसनवारी होती ती फेडायला आईच्या पाटल्या मोडल्या. हे मला खूप नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं, की आजीने पत्त्यांचा कॅट चुलीत घातला आणि पुन्हा कधी पानांना हात लावला नाही. मोठा मुलगाही तिनेच खेळायला शिकवलेला होता ना.

अण्णा वाईट खेळायचे असं कोणीच म्हणत नाही. उलट हुशार होते. मी कॉलेजात असताना एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, की मग हरलात कसे? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाईट पानांवर माणूस हरत नाही रे. ती आपण टाकून देतो. मी चांगल्या पानांवर हरलो. असली पानं काय रोज येतात का, असं वाटायचं."

त्यामुळे गोव्याला जातो असं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा फोनवर आई काहीच बोलली नाही. मी 'हॅलो, हॅलो' करत राहिलो. शेवटी म्हणाली, "किती घेऊन जाणार ते जाताना सांगायचं. आणि आल्यावर जे झालं ते खरं सांगायचं." एवढीच अट. ती मी आजवर पाळली आहे. वर्षातून एकच ट्रिप, ठरलेली रक्कम, कार्ड हॉटेलच्या खोलीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि ॲपवरची ती टेबलं बंद पडली. मित्र हळहळले. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. ॲपवर तासाला शेकड्याने डाव व्हायचे आणि त्या वेगात मला स्वतःमध्ये कधीकधी अण्णा दिसायचे.

असो. तर २०२५ चा नोव्हेंबर, परत तीच नदी.

पंधरा हजारांची एंट्री, ९६ भिडू, री-एंट्री नाही. बक्षिसं पहिल्या बारा जणांना. बाराव्याला सुमारे २६ हजार, पहिल्याला साडेतीन लाखांच्या आतबाहेर. रात्री साडेअकराला आम्ही तेरा जण उरलो होतो. यालाच बबल म्हणतात. अजून एक जण बाहेर पडला की उरलेले सगळे पैशात, आणि जो पडेल तो दहा तास खेळून रिकाम्या हाताने घरी. टेबलावर कोणी बोलत नव्हतं. दुसऱ्या टेबलावर दोघांकडे जेमतेम दोन-तीन ब्लाइंड उरले होते.

ब्लाइंड ४,०००-८,०००, वर ८,००० अँटे. माझ्याकडे १,६०,०००. म्हणजे नुसतं बसून राहिलो तरी टेबलाच्या आठ फेऱ्या निघतील एवढे. (हा भागाकार डॅन हॅरिंग्टनच्या पुस्तकामुळे पोकरवाल्यांच्या तोंडी बसला. १९९५ चा जगज्जेता. भागाकाराला 'एम' म्हणतात, पॉल मॅग्रिएलच्या नावावरून.) घाई नव्हती, पण चैनही नव्हती.

पहिल्या जागेवर हैदराबादचे एक साठीचे गृहस्थ बसले होते. दोन तासांत त्यांनी तीन-चार डावच खेळले होते. चहा, सुपारी आणि फोल्ड. त्यांनी पानं पाहिली, चष्मा सारखा केला आणि सगळ्या चिप्स पुढे केल्या. २,१०,०००. माझ्याहून जास्त. मधल्या सगळ्यांनी पटापट टाकली. मी बटणावर. पानं उचलली.

गुलाम. इस्पिकचा आणि चौकटचा.

घड्याळात तीस सेकंद. छातीत ढोल. अण्णांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: असली पानं काय रोज येतात का?

मग हिशेब. हा माणूस, या जागेवरून, या क्षणी, कशावर ढकलेल? दश्श्यांपासून एक्क्यांपर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी. याविरुद्ध गुलाम ४७ टक्क्यांच्या आसपास. थोडा सैल असेल आणि नव्व्या-अठ्ठ्यांवरही आला असेल, तर ५३. नुसत्या चिप्सच्या हिशेबात ४७ पुरत होते. बबलवर ६० च्या पुढे हवेत. आणि हरलो तर मी बाहेर, त्यांच्या चिप्स जास्त होत्या.

हे सगळं आत्ता लिहिताना फार सुसूत्र वाटतंय. तेव्हा तसं नव्हतं. आकडे मला पाठ होते, तरी हात पानं सोडत नव्हता. कारण गणिताच्या खाली दुसराच प्रश्न होता: मी टाकतोय ते बरोबर आहे म्हणून की घाबरलोय म्हणून? आणि भरलं तर ते बरोबर म्हणून की पानांच्या प्रेमात पडलोय म्हणून? आतून दोन्ही अगदी सारखंच वाटतं. फरहालाही वाटलं असेल.

डीलरने मोजायला सुरुवात केली. पाच, चार... मी पानं पुढे सरकवली.

पुढच्या दोघांनीही टाकली. गृहस्थांनी त्यांची पानं न दाखवता डीलरकडे दिली आणि ब्लाइंड ओढून घेतले. तीन डावांनंतर दुसऱ्या टेबलावर कोणीतरी बाहेर पडलं, टाळ्या झाल्या. आम्ही पैशात. मी पुढे दहावा आलो. चिप्स नऊ ब्लाइंडवर आल्यावर एक्का-राजावर ऑल-इन केलं, समोरच्याच्या सत्त्यांच्या जोडीने मान टाकली नाही. त्याचं काही वाटलं नाही. तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गुलामांचं मात्र वाटत राहिलं. परतीच्या लहान बोटीत तेच गृहस्थ शेजारी बसले होते. ते सहावे आले होते. राहवलं नाही म्हणून विचारलंच, "अंकल, वो बबल पे आपने ऑल-इन किया था, क्या था आपके पास?" त्यांनी सुपारी चघळत थोडा विचार केला. "कौनसा हँड, बेटा?" त्यांना तो डाव आठवतच नव्हता! मी दोन तास जो उरावर घेऊन बसलो होतो, तो त्यांच्या लेखी शंभरातला एक डाव होता.

तेव्हा कळलं, की मला खरं तर पावती हवी होती. बँकेतला क्लार्क शिक्का मारून देतो तशी. 'आपला निर्णय बरोबर होता.' पण भरलेल्या डावाचा निकाल दिसतो आणि टाकलेल्या डावाचा बहुधा दिसत नाही. गोष्टी सांगितल्या जातात त्याही भरलेल्या डावांच्या. 'मी चांगली पानं टाकली आणि मग काहीच झालं नाही', ही गोष्ट कोण ऐकणार? अण्णांकडे अशी एकही गोष्ट नव्हती, दीड एकर मात्र गेली. मला वाटतं, नाजूक पानं खेळायची म्हणजे आधी नीट राखायची, लोकांकडून तिकीट घ्यायचं. आणि तरीही टाकायची वेळ आली, तर पावती न मागता टाकायची. पहिलं मला आकड्यांनी शिकवलं. दुसरं अजून शिकतोय.

सकाळी बस कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर आईला फोन केला. अट होती ना.

"किती?"

"कर आणि खर्च जाऊन दोन हजार वर."

"खरं सांगतोयस ना?"

"खरं. आणि आई, एकदा गुलामांची जोडी आली होती. चांगली पानं होती. टाकून दिली."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "समोरच्याकडे काय होतं?"

"कळलंच नाही."

"बरं झालं," आई म्हणाली. "चहा घेतलास का?"